धुराचं मटण आणि पाच हजार रुपये

“काका, ते मोबाइलवर दाखवतेत तसलं धुरात मटण शिजवायचं मशीन पाच हजारांत बसंल का?”

किनवटसारख्या गावात हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. पोरं अमेरिकेतले व्हिडिओ बघतात. काळ्या लोखंडी भट्टीतून निळसर धूर निघतो, बारा तासांनी झाकण उघडतं आणि आतलं मांस नुसत्या बोटांनी सुटतं. मग किंमत पाहिली की तोंडाचं पाणी पळतं. बाहेरून आलेल्या चांगल्या स्मोकरची किंमत आपल्याकडे सेकंडहँड मोटारसायकलच्या घरात जाते.

माझं उत्तर ‘बसंल’ असंच आहे. मात्र त्या पैशांत नेमकं काय विकत घ्यायचं, हे आधी ठरवायला हवं. बहुतेक जण लोखंड विकत घेतात. खरं तर विकत घ्यायचा असतो तो हवेवरचा ताबा.

1. आच शिजवते, धूर चव देतो

स्मोकरमध्ये दोन कामं एकाच वेळी चालतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. मांस शिजतं ते आचेवर. धूर फक्त वास, रंग आणि चव देतो. धूर हा इथे मसाला आहे. मसाल्यावर कुणी मटण शिजवत नाही.

ही आच मंद असते. भट्टीतली हवा साधारण 110 ते 130 अंश सेल्सिअस ठेवायची. कबाबाचे निखारे याच्या दुपटीहून जास्त तापतात. एवढी मंद आच कशासाठी? फऱ्याचं किंवा गर्दनीचं मांस चिवट असतं, कारण त्यात कोलॅजन नावाचे दोरखंडासारखे धागे असतात. ते विरघळून मऊ, चिकट रस व्हायला वेळ लागतो. पायाचं सूप रात्रभर चुलीवर ठेवल्यावर जे होतं, तेच इथे पाण्याशिवाय घडवायचं असतं.

धुराची चव येते लाकडातून. लाकडात लिग्निन नावाचा एक घटक असतो, तो झाडाला ताठ उभं ठेवतो. लिग्निन तापून फुटलं की ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही वासाची द्रव्यं सुटतात. धुराचा म्हणून जो वास आपण ओळखतो, तो मुख्यतः यांचा. मांस थंड आणि ओलसर असताना ती त्याला चांगली चिकटतात; गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून दव धरतं तसं. म्हणून पहिल्या दोन तासांचा धूर मोलाचा. नंतर लाकूड जाळत बसायची गरज नाही.

धुरातही दोन जाती आहेत. ओलं लाकूड कोंडलं की दाट पांढरा, पिवळट धूर येतो. तो मांसावर कडू थर चढवतो. आग नीट श्वास घेत असली की विरळ निळसर धूर येतो, तो हवा. आपल्या आज्यांना हे थर्मामीटरशिवाय कळायचं. ज्या धुरानं डोळे चुरचुरतात, तो मटणालाही नको.

2. आपल्याकडचं काय आहे आणि काय नाही

‘धुंगार तर आपण देतोच की,’ असं कुणीतरी म्हणतंच. भाजीच्या किंवा मटणाच्या पातेल्यात वाटी ठेवून, तिच्यात लालभडक निखारा आणि वर चमचाभर तूप घालून झाकण लावणं म्हणजे धुंगार. छानच प्रकार आहे. पण तिथे वास येतो तो जळत्या तुपाचा, लाकडाचा थोडा. शिवाय मांस आधीच शिजलेलं असतं. धुराची चव घरात कुणाकुणाला आवडते, हे फुकटात बघायचं असेल तर मात्र धुंगारापासूनच सुरुवात करा. घरात दोघांनी नाक मुरडलं तर पाच हजार वाचले.

मराठवाड्यात मांस टिकवायची जुनी पद्धत धुराची नाही, उन्हाची. लांबट पट्ट्या कापून कडक उन्हात वाळवायच्या, त्या चान्या. दलित घरांतल्या या खाद्यसंस्कृतीबद्दल शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात सविस्तर लिहिलं आहे. चान्यांमागे हौस नव्हती. एका दिवशी हाती आलेलं मांस पुढे पुरवायचं होतं आणि फ्रिज नव्हता. त्यातलं शास्त्र सरळ आहे: पाणी काढून घेतलं की जंतूंना जगायला जागा उरत नाही.

आपली भट्टी टिकवण्यासाठी नाही, हे इथेच पक्कं करून घेऊ. मांस न शिजवता गार धुरात दिवसेंदिवस टांगायचं, असाही एक प्रकार आहे. त्यात धुराचं तापमान 30 अंशांच्या आत लागतं. मे महिन्यात किनवटची सावलीच 40च्या पुढे जाते, तिथे हे जमणं कठीण. शिवाय त्यासाठी मीठ आणि नायट्राइटची अचूक मापं लागतात. ती चुकली तर बोटुलिझम ही जीवघेणी विषबाधा होऊ शकते. तिचं नावच सॉसेज या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडलं आहे. गोव्याचे चोरीस बघून कुणी घरी प्रयोग करू नये. त्यात व्हिनेगर, मीठ, मिरची आणि पिढ्यांचा हात असतो.

3. बंबाचा धडा

आता मुख्य गोष्ट. ज्यांच्या घरी आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता, त्यांना स्मोकर अर्धा समजलेला आहे. खाली राख पडायची जाळी, बाजूला हवेचं तोंड, मधून वर जाणारी नळी. गरम हवा हलकी होऊन नळीतून वर जाते आणि तिच्या जागी खालून नवी हवा ओढली जाते. खालचं तोंड उघडं ठेवलं की बंब घूं घूं करायचा. राखेनं बुजलं की धुमसायचा.

स्मोकर म्हणजे असा बंब, ज्यात पाण्याऐवजी मांस आहे आणि ज्याची तोंडं आपल्याला हवी तेवढी उघडता-मिटता येतात. कोळसा किती भरला, यावर तापमान ठरत नाही. त्याला हवा किती मिळते, यावर ठरतं. चार किलो कोळसा भरा, पण हवा चिमटीत द्या, तो हळूहळू कितीतरी तास पुरेल. तेवढाच कोळसा उघड्यावर टाका, तासाभरात भडकून संपेल.

म्हणून कुठलीही भट्टी घेताना तीन प्रश्न विचारा. खालून हवा आत घेणारी भोकं बंद-चालू होतात का? वर धूर जायला वाट आहे का? आणि बाकी सगळीकडे ती घट्ट आहे का? दुकानात झाकण लावून बघा. फटीतून उजेड दिसला, तर तिथून हवाही जाणार. (फट बारीक असली तर बिर्याणीच्या दमाला लावतो तशी कणकेची वळी लावून भागतं. मी लावलेली आहे. लाजायचं काही कारण नाही.)

4. माठ पाझरतो, मटणही

नवशिक्याचा धीर सुटतो तो एका ठरावीक जागी. मांसाच्या आतलं तापमान भराभर 65–70 अंशांपर्यंत चढतं आणि मग अडून बसतं. तास जातो, काटा हलत नाही. माणूस घाबरून सगळी भोकं उघडतो, आग भडकते, वरचं मटण करपतं.

अडण्याचं कारण आपल्या ओसरीवरच्या माठात आहे. माठाचं पाणी पाझरतं, उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. म्हणून आतलं पाणी गार राहतं. मांसही तसंच घाम गाळतं. खालून जेवढी आच मिळते, तेवढीच वाफ होण्यात खर्च होते. वरचा ओलावा कमी झाला की काटा आपोआप पुढे सरकतो. किंवा मग मांस गुंडाळून वाफ कोंडायची.

आपल्याला दुसरा मार्गच बरा. का ते सांगतो. अमेरिकेतली सारी पद्धत चरबीदार मांसावर उभी आहे. तिथला ब्रिस्केट, म्हणजे बैलाच्या छातीचा तुकडा, अखंड घेतला तर पाच-सात किलोंचा असतो आणि त्यावर चरबीची जाड साय असते. ती साय वितळत राहते, मांस बारा तास कोरडं पडत नाही. आपल्याकडचा जीव म्हणजे उस्मानाबादी बोकड: काळा, काटक, माळावर चरलेला. पंचवीस किलोच्या बोकडाचं मटण साधारण अकरा-बारा किलो भरतं आणि मागचा एक फरा दीड-दोन किलोंचा. चरबी बेताची. हा फरा बारा तास धुरात ठेवला तर तो खाता येणार नाही, चपलेला लावता येईल.

म्हणून आपली रीत अशी: दोन तास धूर, मग झाकणाच्या हंडीत कांदा, आलं-लसूण आणि पेलाभर पाणी घालून त्याच भट्टीत आणखी दोन-अडीच तास. आतलं तापमान 90च्या पुढे गेलं की फरा हाडावरून सुटतो. दीड किलोच्या कोंबडीला गुंडाळणं लागत नाही, दीड-दोन तासांत काम होतं. मात्र मांडीच्या जाड भागात काट्यानं 74 अंश दाखवलेच पाहिजेत. गावरान कोंबडा म्हातारा असेल, तर त्याला हंडीच दाखवा.

हिशेब लक्षात आला का? आपले तुकडे लहान, आपला वेळ चार-पाच तासांचा. मग चाळीस किलो मांस मावणारं यंत्र घ्यायचं कशाला?

5. दुकानातले प्रकार, झटपट

विजेचा स्मोकर: बटण दाबा, विसरा. पण वीज टिकली पाहिजे. अमेरिकेहून पाहुण्याकडून मागवणार असाल तर तिथली वीज 120 व्होल्टची आणि आपली 230ची, हे त्या पाहुण्याला आधी सांगा.

पेलेटचा स्मोकर: लाकडाच्या भुशाच्या गोळ्या स्क्रूनं आपोआप आगीत पडतात. यंत्र हुशार आहे. पण खाण्यायोग्य शुद्ध लाकडाच्या गोळ्या किनवटमध्ये कुठून आणणार? कारखान्याच्या बॉयलरसाठी मिळतात त्या चालणार नाहीत. त्यात काय काय दळलेलं असतं, त्याची खात्री नाही.

झाकणाची गोल शेगडी: हिला केटल म्हणतात आणि हिची गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1952 साली शिकागोकडच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणारा लोखंडी बोया मधून कापला, खालच्या अर्ध्यात कोळसा ठेवला आणि वरचा अर्धा झाकण म्हणून वापरला. जगभर खपलेली ही शेगडी जन्मली ती अशी, कारखान्यातल्या लोखंडातून. बजेट थोडं वाढत असेल आणि वेल्डरच्या मागे लागायचा कंटाळा असेल, तर हिच्या देशी आवृत्त्या घ्यायला हरकत नाही. भोकांची झाकणी तेवढी तपासा.

कुंभाराचा माठ: सर्वांत स्वस्त. माती उष्णता धरून ठेवते. तंदूर याच गुणावर चालतो. रुंद तोंडाचा, चमक न लावलेला माठ घ्या, बुडाशी बोटभर भोक पाडा, आत निखाऱ्यांची लहान परात आणि वर जाळी ठेवा, तोंडावर परळ. एका कोंबडीपुरता उत्तम. पण एकदम तापवला की तडकतो, आणि तडकतो तो बहुधा पाहुण्यांसमोर.

तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा: दोन-चार वेळा शिकण्यापुरता ठीक. पत्रा पातळ, आच अंगावर येते, गंज लगेच. आतला कथलाचा मुलामा 232 अंशांना वितळतो, म्हणून निखारे थेट डब्याच्या तळाशी टाकू नका.

उरलं ते पिंप. माझं मत त्याच्याच बाजूनं आहे.

6. पिंपाची भट्टी

दोनशे लिटरचं लोखंडी पिंप साधारण 88 सेंटिमीटर उंच आणि 57–58 सेंटिमीटर रुंद असतं. जणू कुणीतरी भट्टीसाठीच माप काढलं होतं: तळाशी कोळसा, दोन फूट वर जाळी. एवढ्या अंतरावर थेट झळ लागत नाही आणि धूरही मुरतो.

पहिली अट पिंपाच्या इतिहासाची. खाद्यतेलाचं किंवा मधाचं रिकामं पिंप हवं. आपला भाग कापूस-सोयाबीनचा. कीटकनाशकांची आणि रसायनांची पिंपं भंगारात ढिगानं येतात. ती जाळून, घासून, धुऊनही घेऊ नका. लेबल खरवडलेलं असेल तर सोडून द्या. पेट्रोल-डिझेलचं पिंप तर वेल्डरसमोर ठेवूसुद्धा नका. आत राहिलेली वाफ कटरच्या ठिणगीनं फुटते. आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, जाळी, नळी काहीही आगीजवळ नको. जस्त तापून निघणारा धूर माणसाला आजारी पाडतो. चांगल्या पिंपालाही आतून रंगाचा किंवा रेझिनचा थर असू शकतो. रिकाम्या पिंपात लाकडाचा मोठा जाळ करून तो आधी पूर्ण जाळून घ्या, मग घासा, मग आतून गोडंतेल लावून पुन्हा तापवा. नवा लोखंडी तवा आपण मुरवतो, तसंच.

आता भोकं. खाली चार, एकेक इंच व्यासाची, चार दिशांना. वर झाकणात एकच, दोन इंचांचं. चार आत आणि एक बाहेर, हे जमेल कसं? भाकरीनं समजून घेऊ. वीतभर भाकरीला एक उंडा पीठ लागत असेल, तर दोन वीत रुंद भाकरीला तेवढ्याच जाडीत दोन नाही, चार उंडे लागतात. रुंदी दुप्पट म्हणजे आकार चौपट. भोकाचंही तसंच: दोन इंचांचं एक भोक म्हणजे एक इंचाची चार. जेवढी हवा आत, तेवढी वाट बाहेर. वरचं भोक नेहमी उघडं ठेवायचं, खेळ सगळा खालच्या चारांत. तीन बुजवा, चौथं उघडं ठेवा, पाव तास थांबा, काटा बघा. नटबोल्टवर फिरणारी पत्र्याची चकती झाकणी म्हणून पुरते.

कोळशासाठी जाड जाळीची टोपली, तळापासून चार-सहा इंच उचललेली. नाहीतर राख हवा अडवते, बंबात अडवायची तशी. मांसाची जाळी स्टीलची. ती टेकवायला पिंपात चार लांब बोल्ट. एवढंच. फॅब्रिकेशनच्या दुकानात अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा वेल्डरला भट्टीच वाटली नाही. कचरा जाळायला आहे समजून त्यानं सढळ हातानं वीस भोकं पाडून दिली. ते पिंप आजही कचराच जाळतं.

7. कोणतं लाकूड

आचेला बाभळीचा कोळसा, वासाला लाकडाचे तीन-चार मूठभर तुकडे. आंबा, जांभूळ, पेरू, बोर, मोसंबी, चिंच ही बागेतली छाटणी उत्तम, पण सावलीत काही महिने वाळलेली. तुकडे पाण्यात भिजवू नका. पाणी आटेपर्यंत नुसती वाफ निघते आणि आग मंदावते.

किनवट म्हणजे सागाचं रान. तरी साग नको. तो तेलकट आहे, आणि रानातलं लाकूड विनापरवाना आणणं हा वेगळाच उद्योग होऊन बसेल. कडुनिंब कडू, निलगिरी औषधी वासाची, कण्हेर विषारी. पऱ्हाट्यांवर वर्षभर फवारणी झालेली असते, त्यांना बंबापाशीच राहू द्या. प्लायवूड आणि रंगवलेल्या फळ्या कधीच नाही. आणि रान जवळ आहे म्हणून जाळीवर ससा किंवा रानडुक्कर चढवायचा मोह कुणाला होत असेल, तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याच्यासाठीच आहे.

8. पाच हजारांचा हिशेब

समजा, खरोखर पाचच हजार आहेत. त्यातले हजार आधी बाजूला काढून लपवून ठेवा, ते थर्मामीटरचे. एक काटा जाळीच्या उंचीवर हवेचं माप द्यायला, एक सुईचा डिजिटल काटा मांसात खुपसायला. झाकणावर बसवून मिळणाऱ्या स्वस्त तबकडीवर विसंबू नका. ती झाकणाचं तापमान सांगते, मटणाचं नाही. घेतलेला काटा खरा की खोटा हे उकळत्या पाण्यात तपासता येतं. किनवटच्या उंचीवर पाणी 99 अंशांच्या आसपास उकळतं. काटा 90 दाखवत असेल तर परत करा.

पिंप, जाळ्या आणि वेल्डिंग मिळून मोठा वाटा, भाव घासाघिशीवर. उरलेल्यात कोळसा आणि जाड हातमोजे. काही शिल्लक राहिलं तर पहिले दोन फरे. पैसे कमी पडत असतील तर पिंप सोडून माठ घ्या. थर्मामीटर सोडू नका.

एक खर्च आकड्यात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं. मुरवलेलं, खारवलेलं, धुरावलेलं असं सगळं त्या व्याख्येत येतं. तेव्हा ही भट्टी सणावारी, पाहुण्यारावळ्यांसाठी. रोजच्या कालवणाला कुकर आहेच.

9. पहिला दिवस

पहिला दिवस मांसाशिवाय. टोपली भरून कोळसा घ्या, मधे खळगा करा आणि त्यात दहा-बारा पेटलेले निखारे टाका. उदबत्ती एका टोकानं पेटते तशी आग बाजूला सरकत जाते. मग चार तास नुसतं भोकांशी खेळा आणि वहीत लिहा: किती भोकं उघडी, वारा कुठून, काटा कुठे. तापमान वर जाऊ लागलं की लगेच आवरा. एकदा 160 वर गेलेलं पिंप खाली यायला तास घेतं. भट्टी अंगणात, उघड्यावर. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गच्चीत कोळशाचा वायू साचतो. त्याला वास नसतो आणि तो माणूस मारतो.

दुसऱ्या दिवशी कोंबडी. फऱ्याची घाई नको. मांस खाटकाकडून आणल्यावर उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. दिवाळी ते होळी हा खरा हंगाम. काम संपलं की खालची-वरची सगळी भोकं बुजवा. हवा तुटली की आग गुदमरते आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामी येतो. सकाळी राख काढा आणि पिंप कोरडं असतानाच आतून तेलाचा हात फिरवा. पावसाळ्याआधी तर नक्कीच. नाहीतर पोळ्यापर्यंत बुडाला पाचवं भोक पडलेलं असेल.